मॅग्नेटारला दोनच ओळी?

संपादक साहेब, न्यूट्रॉन ताऱ्यांवरचा (स्फोटानंतर उरणाऱ्या अतिघट्ट ताऱ्यांवरचा) लेख आवडला, पण चुंबकीय क्षेत्र दोन ओळींत उरकलंत हे काही पटलं नाही. अहो, पृथ्वीचं क्षेत्र जेमतेम ०.५ गॉस (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आणि मॅग्नेटारचं, म्हणजे अतितीव्र चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्याचं, १०० लाख कोटी गॉसच्या घरात, एवढ्या जोरात इलेक्ट्रॉनला आडवं फारसं हलताच येत नाही, चुंबकीय रेषेच्या दिशेनेच काय ते पळायचं, मग पृष्ठभागावरचा गोल अणू चेपून सुईसारखा लांबुळका होतो आणि अशा अणूंच्या साखळ्यासुद्धा बनू शकतात. आतला ताण वाढला की ताऱ्याचं कवच तडकतं. बहुधा असंच काहीतरी होऊन एका मॅग्नेटारचा भडका उडाला आणि २७ डिसेंबर २००४ ला, हजारो प्रकाशवर्षं लांबून, आपलं आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) हलवून गेला! हे कसं काय गाळलंत?

- एक वाचक