आईची निळी साडी

प्रिय आई-बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर हे बोलायला जमलं नसतं, म्हणून पत्र लिहितेय. बाबा, तुम्ही हे आईला मोठ्याने वाचून दाखवाल. दाखवाच.

गेल्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचे, द्राक्षरस वाटायचे पेले धुवायची पाळी माझी होती. काचेचे चिमुकले पेले, शंभरावर असतील. भायखळ्याहून लोकल गाठायची घाई, म्हणून सगळे नळाखाली धरले आणि ताटात पालथे घातले. वरून लखलखीत. पुसायला घेतले तर एकेकाच्या तळाशी द्राक्षरसाचा वाळलेला जांभळा ठिपका. आई, नगरच्या मंडळीत तू फडक्याचं टोक करंगळीला गुंडाळून प्रत्येक पेल्याच्या आत फिरवायचीस. आतलं कोण बघतंय, असं मी एकदा विचारलं होतं. "ज्याच्या ओठाला लागतं, त्याला कळतं," म्हणालीस.

मग मी पुन्हा पाणी घेतलं आणि एकेक पेला धूत बसले. तेव्हा तो नाताळ आठवला.

तुम्ही दोघं मुंबईला आला होता. उपासनेला निघताना तू ती निळी सुती साडी नेसलीस, पदराला रफू केलेली. मी माझी रेशमी साडी पुढे केली आणि म्हणाले, "आई, ही नेस, इथे लोक बघतात." तू काही बोलली नाहीस. मुकाट्याने बदललीस. उपासनाभर पदर सावरत राहिलीस, आवडीचं गीतसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हटलंस. त्याच दिवशी सकाळी तू आमच्या इमारतीत कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना दारात बसवून करंज्या खाऊ घातल्या होत्यास, त्यांच्या तिन्ही मुलांची नावं विचारली होतीस. मी तिथे चार वर्षं राहत होते. त्या बाईंचं नावही मला ठाऊक नव्हतं.

आई, मला क्षमा कर. लाज तुझ्या साडीची वाटायला नको होती.

बाबा, तुम्ही शमुवेलाची गोष्ट सांगायचा. इस्राएलचा नवा राजा निवडायला गेला, आणि थोरल्या भावाची, अलीयाबाची उंची पाहून एवढा मोठा संदेष्टाही फसला; देवाने निवडलेला धाकटा दावीद तिकडे मेंढरांमागे होता. लहानपणी मला ती दाविदाची गोष्ट वाटायची. आता ती शमुवेलाची वाटते. वेणीफणी आणि सोन्याचे दागिने यांविषयी येशूचा शिष्य पेत्र याने लिहिलेलं वचन बायकांना ऐकवायला सगळ्यांना आवडतं. पण वाटी बाहेरून घासता आणि आत तशीच ठेवता, हे येशू शास्त्री-परूश्यांना, धर्म शिकवणाऱ्या पुरुषांना म्हणाला. ते फार कमी ऐकू येतं.

एक आणखी कबूल करते. त्या नाताळनंतर मी साधंच नेसायला लागले, आणि वर्षभरात नटूनथटून येणाऱ्या बायकांकडे वरून बघायला लागले. म्हणजे साडी बदलली, नजर तीच राहिली. हे जास्त वाईट आहे, कारण साधेपणाच्या आड ते कुणाला दिसत नाही.

बाबा, कवी ना. वा. टिळकांचं तुम्ही किती वेळा सांगितलंत! १८९५ मध्ये याच मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. मी मात्र कोण वेळेवर येतं, कोणाचं बायबल चामडी वेष्टनाचं, यावरून माणसं मापत होते.

कचरा नेणाऱ्या त्या बाईंचं नाव आता मी विचारलंय. धाकट्याला दमा आहे. बाबा, तुमचाही पंप संपत आला असेल, लगेच आणून ठेवा.

मे महिन्यात दोघं या. तिकिटं मी काढते. आई, ती निळी साडी आण, त्या रविवारी नेसायला. आणि पेले धुवायला माझ्याबरोबर थांब, तळ कसा पुसायचा ते मला अजून नीट जमत नाही.

तुमची,
बेबी