वांसच्या चॅपलमधल्या अनोळखी मंडळींचे आभार

दक्षिण फ्रान्समधल्या वांस गावी चित्रकार हेन्री मातीसने घडवलेलं चॅपल, म्हणजे छोटं ख्रिस्ती प्रार्थनाघर, बघायचं, हा आईचा हट्ट. बसथांब्यापासून चढ, त्यात तिचे गुडघे. वाटेत गाडी थांबवून आम्हाला दारापर्यंत सोडणाऱ्या आजी-आजोबांचे, आणि आत खिडकीजवळची आपली जागा आईला देऊन स्वतः उभ्या राहिलेल्या ताईंचे मनापासून आभार. नावं विचारायची राहूनच गेली.

मातीसने हे काम पंचाहत्तरी उलटल्यावर हाती घेतलं. १९५१ मध्ये ते पुरं झालं. काचेत रंग तीनच. निळ्या-हिरव्यातून बाहेरची झाडं दिसतात, पिवळी काच मात्र धुरकट, नजर तिथेच अडते. भिंतीवरच्या पांढऱ्या टाइल्सवर नुसत्या काळ्या रेषा. तिथे रंग आणायचा तो उन्हानेच. किती विचार केला असेल या माणसाने!

ऊन सरकलं तसा निळा-हिरवा कवडसा पांढऱ्या फरशीवरून आईच्या फिक्या साडीवर चढला. तिने पदर हातावर पसरला आणि न बोलता तो रंग झेलत राहिली. ताई, तुम्ही तेव्हा तिच्याकडे बघून हसलात. आई अजून सगळ्यांना ते सांगते.