सूचना : शेडमध्ये पाणी शिरलेल्या सभासदांसाठी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत ज्यांच्या यंत्रमाग शेडमध्ये पाणी शिरलं, त्यांनी वायरमनने तपासल्याशिवाय मेन स्विच चालू करू नये.

भिजलेली मोटर ‘बघू तरी’ म्हणून फिरवली की वाइंडिंग (आतलं तारेचं वेटोळं) गेलंच. आधी खोलून स्वच्छ पाण्याने गाळ धुवा, हॅलोजन दिव्याच्या उबेत पूर्ण वाळवा, बेअरिंगचं ग्रीस बदला. 500 व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) किमान 1 मेगओहम दिसलं तरच जोडा. एका उन्हात मोटर वाळत नाही.

मागाची फणी (ताण्याचे धागे ज्यातून जातात ती) रातोरात गंजते. त्याच दिवशी पुसून तेलाचा हात फिरवा. धोटे (आडवा धागा नेणारे) सावलीत ठेवा, उन्हात लाकूड तडकतं. जेकॉर्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्राची) भोकांची कार्डं थप्पी न लावता दोरीवर टांगा.

ओलं सूत 24 ते 48 तासांत बुरशी धरतं. रंगीत सुताचे कोन आधी बाजूला काढा, नाहीतर लाल रंग पांढऱ्यावर उतरतो.

विमा असेल तर काहीही हलवण्याआधी फोटो काढा. भिंतीवरची पाण्याची खूण मोजायची टेप लावून दाखवा. कंपनीला लगेच लेखी कळवा. कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) पाहून जाईपर्यंत खराब माल भंगारात देऊ नका (घेणारे गेटवर येतातच). स्टॉक रजिस्टर भिजलं असेल तर चिकटलेली पानं ओढू नका, पंख्याखाली वाळू द्या.