लाल मणी सरकायच्या आत

प्रिय सुमे,

‘गावोगावी अॅम्ब्युलन्स येते, मग आशाताईचं काम काय?’ असं विचारलंस. अगं, तान्हं बाळ ओपीडीची वेळ बघून आजारी पडत नाही. दूध ओढेनासं होतं, पाय गार लागतात, आणि घरच्यांना वाटतं, शांत झोपलंय. त्यात रात्री नाल्याला पूर! तेव्हा ओळखणारी बाई गावातच हवी.

गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी नेमकं हेच धरलं. आधी न्यूमोनिया. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त झाले की धोका. पण ज्या सुईणीला तेवढं मोजता येत नाही, तिनं काय करायचं? तिच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ लावलेलं श्वासमापक केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मिनिटाची वाळू संपायच्या आत सहावा, लाल मणी सरकला की औषध सुरू. मला तर हे कुठल्याही यंत्रापेक्षा थोर वाटतं.

पुढे 39 गावांत आरोग्यदूत बायका घरी जाऊन नवजात बाळांना सांभाळू लागल्या. जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा त्याच द्यायच्या. यावर डॉक्टरमंडळींच्या भुवया उंचावणारच! पण हजार जन्मांमागे 62 नवजात दगावत, ते तिसऱ्या वर्षी साधारण 25 वर आले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 पासून देशभरच्या आशांकडे गृहभेटी आल्या, इंजेक्शन मात्र नाही.

परवा आमच्या गटातल्या आशाताईबरोबर गेले होते. बाळ एक किलो आठशे. आजीनं पाणी तापत ठेवलेलं, पाचवीची आंघोळ म्हणून. ताई वाद घालत बसली नाही. ‘पूजा करा आजी, बाळाला नुसतं पुसून घेऊ. दोन किलोचं झालं की मीच घालते आंघोळ,’ म्हणाली आणि बाळ आईच्या उघड्या छातीशी ठेवून वरून पदर घेतला. आजी कुरकुरली, पण चूल विझवली.

आणि या साऱ्याचा मोबदला? बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा भेटी. सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये ठरले होते. वर रजिस्टरं, सर्व्हे, ऑनलाइन नोंदी. मग श्वास मोजायचं ते मिनिटच खाल्लं जातं, फॉर्मवर आकडा मात्र असतो. मी गटप्रवर्तक, म्हणजे आशांचं काम बघणारी, मला तो अंदाजे टाकलेला आकडा लगेच कळतो. रागावू कुणावर?

दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ, तुला गावात नेते. आईंना नमस्कार.

तुझी,
शोभा