आरोग्य शिकायचे, तर वस्तीत उतरून शिकावे

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागल्यानंतर आपल्या दैनिकाने काढलेल्या पुरवणीतील आरोग्य क्षेत्रातील शिक्षणाविषयीचे पान मी दोनदा वाचले. एमबीबीएस, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी या सर्वांची माहिती त्यात नीट दिलेली आहे आणि ती अनेक पालकांच्या उपयोगी पडेल, यात शंका नाही. परंतु हे सगळे शिक्षण माणूस आजारी पडल्यानंतर सुरू होते. तो मुळात का पडला, त्याच गल्लीतील आणखी किती जण पडले आणि पुढच्या पावसाळ्यात पडू नयेत म्हणून आज काय करायला हवे, हे शिकवणाऱ्या सार्वजनिक आरोग्य या विषयाला त्या पानावर एक ओळही मिळालेली नाही. मी आरोग्य विभागात चोवीस वर्षे परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाले आहे. त्यांपैकी बहुतेक वर्षे दवाखान्याच्या चार भिंतींपेक्षा वस्त्यांमध्येच गेली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ठाण्याला राहणारी माझी भाची दोन वर्षे नीटची तयारी करत होती. दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले ही परीक्षा देतात आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत, हे गणित घरातील सर्वांना ठाऊक होते. तरीही दुसऱ्यांदा प्रवेश हुकला तेव्हा मुलगी खचली. तिचे गणित चांगले, माणसांशी बोलण्याची हातोटी चांगली, आणि आरोग्याच्या क्षेत्रातच काम करायचे हा तिचा निश्चय पक्का. मी तिला सार्वजनिक आरोग्याबद्दल सांगितले. ती एका मार्गदर्शन केंद्रात चौकशी करून आली, तेव्हा तिला मिळालेले उत्तर असे होते की, "ते फवारणीवाल्यांचे काम आहे, त्यात शिकण्यासारखे काय आहे?" हे उत्तर ऐकून मला राग आला. फवारणी करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांचा त्यात अपमान होता हे एक कारण, आणि एका संपूर्ण शास्त्राविषयीचे अज्ञान इतक्या ठामपणे एका मुलीच्या पदरात टाकले गेले हे दुसरे.

त्यात शिकण्यासारखे काय आहे, हे एका साध्या उदाहरणावरून सांगते. समजा, एका प्रभागात डेंग्यूचे ४० रुग्ण सापडले आणि दुसऱ्यात १५. फवारणीची गाडी आधी कुठे पाठवायची? बहुतेक जण चाळीसवाल्या प्रभागाकडे बोट दाखवतील. पण पहिल्या प्रभागाची लोकसंख्या ८० हजार असेल आणि दुसऱ्याची १० हजार, तर दर १० हजार लोकांमागे पहिल्यात ५ रुग्ण होतात आणि दुसऱ्यात १५, म्हणजे तिप्पट. अंश सगळ्यांना दिसतो, छेद कोणी विचारत नाही. आणि साथरोगशास्त्राचा पहिला धडा हा छेदाचा धडा आहे. त्याच्या पुढचा प्रश्न अधिक अवघड असतो. हे १५ रुग्ण म्हणजे खरोखर आजारी पडलेले सगळे, की रक्ततपासणीपर्यंत पोहोचू शकलेले तेवढे? तुर्भ्याच्या किंवा दिघ्याच्या डोंगरउतारावरील वस्तीत राहून ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार तापातही खाडा करत नाही. गोळी घेतो आणि कामावर जातो. तो कोणत्याच नोंदवहीत येत नाही. नोंदवहीत नसलेल्या माणसाचा शोध कसा घ्यायचा, नमुना कसा निवडायचा, किती घरे पाहिली म्हणजे संपूर्ण वस्तीविषयी काही म्हणता येते, हे सारे शिकावे लागते. चार पावसाळे वस्तीत काढले की ते आपोआप येते, असा गैरसमज मलाही पुष्कळ वर्षे होता.

प्रश्न कसा विचारायचा, हेसुद्धा शिकावेच लागते. "गेल्या पंधरा दिवसांत घरात कोणाला ताप आला होता का?" असे छापील प्रश्नावलीत असते. मी ते वाचून विचारायची आणि घरातली बाई "नाही" म्हणायची. मग एकदा बरोबरच्या आशा कार्यकर्तीने मला थांबवले आणि स्वतः विचारले, "संकष्टीनंतर कोणाचं अंग कसकसलं होतं का गं?" तेव्हा त्याच घरातून दोन नावे निघाली. पंधरा दिवस कोणाच्या लक्षात राहत नाहीत, संकष्टी राहते; आणि ताप म्हणजे दवाखान्यात मोजलेला ताप, असा त्या बाईचा समज होता. ज्या भाषेत माणसे आजारपण सांगतात त्या भाषेचा अभ्यास हा आरोग्यशास्त्राचाच भाग आहे, आणि म्हणूनच आपल्याकडे हा विषय शिकवायचा झाल्यास त्यातील निदान प्रत्यक्ष कामाचा भाग मराठीतून व्हावा, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

'जागतिक आरोग्य' हा शब्द ऐकला की मुलांना जागतिक आरोग्य संघटनेचे मुख्यालय असलेले जिनिव्हा आठवते. मला घणसोलीचे एक बांधकाम आठवते. पल्स पोलिओच्या रविवारनंतर आम्ही घरोघरी जायचो. ज्या घरातील सर्व बालकांना डोस मिळाले आहेत त्या दारावर खडूने 'पी' हे अक्षर काढायचे आणि जिथे एखादे बालक राहिले असेल तिथे फुली मारायची, हा नियम. फुलीच्या घरी पुन्हा जायचे आणि ती फुली पुसून 'पी' होईपर्यंत जात राहायचे. त्या बांधकामावरच्या पहारेकऱ्याने "इथे मुलं नाहीत" म्हणून आम्हाला परत पाठवले होते. संध्याकाळी पुन्हा गेलो, तेव्हा दोन खांबांना बांधलेल्या साडीच्या झोळीत सात-आठ महिन्यांचे बाळ झोपलेले दिसले; आई वरच्या मजल्यावर विटा वाहत होती आणि कुटुंब आठवड्यापूर्वीच उत्तर प्रदेशातून आलेले होते. बाळाला दोन थेंब दिले, डाव्या हाताच्या करंगळीच्या नखावर शाई लावली. खडूने लिहायला दारच नव्हते, म्हणून झोपडीच्या पत्र्यावर लिहिले.

त्या वेळी मला वाटले की आपण एका मुलाला डोस दिला. या कामाचा विस्तार नंतर कळला. २०१० साली ताजिकिस्तानात पोलिओची मोठी साथ आली आणि चारशेहून अधिक जणांना पक्षाघात झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या युरोप विभागात तो देश मोडतो, तो विभाग २००२ मध्येच पोलिओमुक्त म्हणून जाहीर झालेला होता. विषाणूची जनुकीय तपासणी केली तेव्हा त्याचे मूळ उत्तर भारतात निघाले. म्हणजे आपल्याकडची एखादी न पुसलेली फुली सीमा ओलांडून दुसऱ्या देशातल्या मुलाच्या पायांपर्यंत जाऊ शकते. भारतातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. त्या प्रमाणपत्रामागे प्रयोगशाळा होत्या, आकडेशास्त्र होते, स्थलांतरितांचे नकाशे होते, आणि पत्र्यावरच्या खडूच्या खुणाही होत्या. हे सगळे धागे एकत्र पाहण्याची दृष्टी मला चाळिशीनंतर आली. ती विसाव्या वर्षी यावी, यासाठी पदवीचे शिक्षण हवे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले आणि जेमतेम शिकलेल्या, पुष्कळदा निरक्षर असलेल्या गावातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. प्राथमिक आरोग्यसेवेविषयीचा १९७८ चा आंतरराष्ट्रीय आल्मा-आटा जाहीरनामा त्यानंतरचा आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बालकांची काळजी घरच्या घरी कशी घेता येते हे गावातील स्त्रियांच्या हातून सिद्ध करून दाखवले, आणि आज देशभरातील आशा कार्यकर्ती त्याच धर्तीवर बाळंतिणीच्या घरी भेटी देतात. या दोन्ही दांपत्यांनी सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात घेतले होते, तेही डॉक्टर झाल्यानंतर. त्या काळी दुसरा मार्ग फारसा नव्हता. आज जामखेडला परदेशांतून विद्यार्थी शिकायला येतात. ठाणे-नवी मुंबईतील महाविद्यालयांच्या मुलांना मात्र जामखेडचे नावही अनेकदा माहीत नसते, याचे वाईट वाटते.

आता कोणी म्हणेल की हे शिक्षण आपल्याकडे आहेच, आणि ते खरे आहे. वाशीचा खाडीपूल ओलांडला की मानखुर्दनंतर गोवंडी स्थानक येते. तेथून जवळच देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक्रम आहेत आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहणारी, १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्याशास्त्राची संस्थाही तेथेच आहे. हार्बर लोकलने अर्ध्या तासात पोहोचता येईल इतक्या जवळ हे सर्व आहे. पण या विषयाच्या अभ्यासक्रमांना तेथे प्रवेश पदवीनंतर मिळतो. बारावी झालेल्या मुलीने मधली तीन-चार वर्षे काय शिकावे, याचे उत्तर कोणी देत नाही. या विषयाची पदवी देशात मोजक्याच ठिकाणी मिळते. नवीन शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणि मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेण्याची सोय आणली आहे. तेव्हा आपल्या परिसरातील महाविद्यालयांनी संख्याशास्त्र, जीवशास्त्र, समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र या विभागांचे शिक्षक एकत्र आणून हा विषय निदान दुय्यम विषय म्हणून सुरू करावा. त्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. एक प्रभाग लागतो, आणि तो दारातच आहे. एकाच शहरात आखीव सेक्टर, मूळची आगरी-कोळी गावे, डोंगरउतारावरच्या झोपडपट्ट्या, रसायनांचे कारखाने आणि रात्रभर जागा असणारा घाऊक बाजार, असे सारे काही असलेल्या ठिकाणी तर हा विषय शिकवण्याची सोय आयतीच झालेली आहे.

याच्या आड येणारी एक गोष्ट लपवणे योग्य होणार नाही. नुसती पदवी सुरू करून पदे निर्माण केली नाहीत, तर ती मुलांची फसवणूक ठरेल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात प्रत्येक राज्याने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचे स्वतंत्र संवर्ग उभारावेत असे सुचवले आहे. त्यात या पदवीधरांसाठी जागा असली पाहिजे, ती भरतीच्या नियमांत लिहिली गेली पाहिजे, आणि कंत्राटी अकरा महिन्यांची असता कामा नये.

अशा माणसांची गरज किती आहे, हे मी पाहिलेले आहे. ज्या कार्यालयात मी पुष्कळ वर्षे काम केले, तेथे आम्ही दर आठवड्याला किती घरे तपासली, किती पिंपे, टाक्या, कुंड्या आणि फ्रिजमागचे ट्रे पाहिले, कितींमध्ये अळ्या सापडल्या, हे सगळे भरून वर पाठवत असू. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या अंड्यापासून पूर्ण डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा, असे आम्ही घरोघर सांगायचो. पण ज्या गल्लीत सलग तीन आठवडे अळ्या सापडत होत्या, त्या गल्लीत पाणीच दिवसाआड येते आणि पिंप रिकामे करणे त्या घरांना परवडतच नाही, हे आमच्याच कागदांत लिहिलेले असूनही कोणी एकत्र मांडून पाहिले नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर रोज शंभरावर रुग्णांची रांग असे आणि कारकून बेरीज करून कागद पुढे धाडत असे. त्यात दोघांचाही दोष मी मानत नाही. कागद वाचण्याचे शिक्षण घेतलेला माणूस तिथे नव्हता. तो असता, तर त्या गल्लीला आमच्या उपदेशाऐवजी झाकणाची टाकी किंवा वाढीव पाणी मिळाले असते. त्या पावसाळ्यात तेथील एक नववीतला मुलगा दगावला. त्याच्या घरचे पिंप मी स्वतः दोनदा तपासले होते.

भाचीने यंदा संख्याशास्त्राला प्रवेश घेतला आहे आणि पदवीनंतर देवनारला जाण्याचे तिने ठरवले आहे. आपल्या दैनिकाने पुढील पुरवणीत या विषयाला जागा द्यावी आणि या परिसरातील प्राचार्यांपर्यंत ही सूचना पोहोचवावी, अशी विनंती आहे. एखाद्या महाविद्यालयाने असा वर्ग सुरू केल्यास आठवड्यातून दोन दिवस विद्यार्थ्यांबरोबर वस्तीत फिरायला मी विनामोबदला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे. शक्य झाल्यास पहिला पाऊस पडण्यापूर्वी कळवावे, कारण कोरड्या भांड्याच्या कडेला चिकटलेली अंडी मुलांना त्याआधीच दाखवता येतात.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
कोपरखैरणे, नवी मुंबई