आधी रोग ओळखा, मग पार्ट बदला

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

टोमॅटोचा हंगाम आला की आमच्या जुन्नर तालुक्यातल्या जुन्या पिकअप गाड्यांना उसंत नसते. दिवसा क्रेट भरायचे, रात्री माळशेज घाट उतरून कल्याण नाहीतर वाशी गाठायची, सकाळी रिकामी गाडी घेऊन परत. या दिवसांत माझ्या ओतूरच्या गॅरेजात एक तक्रार हमखास येते, ‘मेस्त्री, साठच्या पुढं गाडी थरथरते.’ आणि लगेच पुढचा प्रश्न, ‘काय बदलू?’ या दुसऱ्या प्रश्नावर मला शेतकरी गाडीमालकांशी आणि माझ्या व्यवसायबंधूंशी बोलायचे आहे, म्हणून हे पत्र.

बिघडले काय हे कळायच्या आत बदलायचे काय हे ठरते, आणि त्यात गरीब माणसाचा पैसा जातो. मागच्या हंगामात दहा-अकरा वर्षे जुनी एक बोलेरो पिकअप माझ्याकडे आली. थरथर सुरू झाल्यावर मालकाने आधी मागचे दोन टायर नवे टाकले, बॅलन्सिंग केले. फरक नाही. मग एका गॅरेजात क्लच सेट बदलून घेतला. थरथर कमी होण्याऐवजी वाढली. तोवर टोमॅटोच्या दोन-तीन खेपांचा नफा त्या गाडीत गेला होता.

मी आधी पाना हातात घेतला नाही, मालकाला शेजारी बसवून ट्रायल घेतली. थरथर कुठे आहे हे अंग सांगते. स्टिअरिंग हातात हलत असेल तर संशय पुढच्या चाकांवर. सीट आणि पायाखालचा पत्रा थरथरत असेल तर मागच्या चाकांवर किंवा प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब नळीवर. या दोघांतला फरकही कळतो. 215/75 चा 15 इंची टायर ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला साधारण साडेसात फेरे घेतो. हाउसिंगचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे, चारच्या आसपास धरला तर शाफ्ट त्याच वेळात तीसएक फेरे घेतो. म्हणून चाकाचा दोष सावकाश, गदगदून जाणवतो आणि शाफ्टचा दोष बारीक, घोंघावत येतो.

दुसरी पायरी गिअरची. ज्या वेगाला थरथर येते तोच वेग चौथ्यात आणि पाचव्यात धरून बघायचा. दोन्ही गिअरमध्ये त्याच वेगाला थरथर येत असेल तर दोष गिअरबॉक्सच्या मागे आहे. गिअर बदलल्यावर थरथरीचा वेगही बदलला, तर इंजिन, क्लच किंवा फाउंडेशनचे रबर, म्हणजे इंजिन ज्यावर बसते ते रबर, बघा. मग मोकळ्या, सपाट, सरळ रस्त्यावर क्लच दाबून क्षणभर गाडी नुसती पळू द्यायची. थरथर राहिली तर क्लच प्लेटला हात लावायचे कारण नाही. हे घाटात कधीही करू नये, आणि इंजिन तर मुळीच बंद करू नये. ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही इंजिनावर चालतात.

या गाडीत थरथर दोन्ही गिअरमध्ये होती आणि क्लच दाबल्यावरही राहिली. म्हणजे क्लचचा खर्च फुकट गेला होता, हे गाडीखाली न जाताच कळले. मग गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतली. शाफ्टच्या टोकांना कोनातही फिरू देणारा, अधिकच्या खुणेसारखा जोड असतो, तो क्रॉस; त्याची चार टोके सुयांची बेअरिंग असलेल्या कपांत बसतात. मागच्या क्रॉसच्या कपाभोवती तांबूस भुकटी दिसली. ग्रीस संपून बेअरिंग गंजल्याची ती खूण. क्रॉस काढला तर कपातल्या सुया निम्म्या झिजलेल्या, आणि क्रॉसच्या दांड्यावर त्या सुयांच्या रेघा बोटाला लागाव्यात इतक्या खोल. मूळ दुखणे हे होते. नवा क्रॉस काही शे रुपयांत येतो.

पण मग क्लच बदलल्यावर थरथर वाढली कशामुळे? क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवताना शाफ्ट काढावा लागतो. तो परत घालताना स्लिप जॉइंटचे, म्हणजे शाफ्टच्या सरकत्या जोडाचे, दाते चुकवून बसवले होते, त्यामुळे दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहिले नव्हते. कोनात फिरणारा क्रॉस प्रत्येक फेऱ्यात शाफ्टचा वेग दोनदा वाढवतो, दोनदा कमी करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो फरक फेडतो. योक रेषेत नसले की फेड होत नाही, उलट भर पडते. शाफ्ट काढण्याआधी पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली असती तर हे टळले असते. त्याला पैसा लागत नाही, अर्धा मिनिट लागतो.

आमच्याकडे सर्रास होणारी आणखी एक गोष्ट म्हणजे माल जास्त बसावा म्हणून मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा टाकणे. त्याने रिकाम्या गाडीचे बूड वर उचलले जाते आणि क्रॉसचा कोन बदलतो. ‘लोड असली की गाडी मऊ चालते, रिकामी झाली की थरथरते’ असे कोणी म्हणाले की मी आधी पाटे मोजतो. आणि पावसाळ्यात गाडी शेतातून आली असेल तर रिमच्या आतली चिखलाची ढेपळे धुऊन काढल्याशिवाय बाकी काही तपासूच नये.

ही नुसती खर्चाची बाब नाही. झिजलेला क्रॉस एक दिवस तुटतो, आणि शाफ्ट सुटला की मागची चाके आणि इंजिन यांचा संबंध संपतो. माळशेज उतरताना भरलेली गाडी आपण गिअरच्या जोरावर आवरून धरतो. तो आधार त्या क्षणी जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग (आरटीओची तपासणी) असते, पण भरल्या गाडीची घाटातली थरथर तिथे कोणाला जाणवणार?

मालकांना विनंती आहे की ट्रायलचे पैसे द्यायला कांकू करू नका. पार्टचे हजारो रुपये मुकाट देणारा माणूस अर्ध्या तासाच्या तपासणीचे दोनशे रुपये मागितले की ‘नुसतं बघायचे कसले पैसे?’ म्हणतो. मग मेस्त्रीही बघत बसत नाही, पार्ट बदलून मोकळा होतो, कारण त्याची कमाई तिथेच आहे. व्यवसायबंधूंनीही बिलात ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ लिहावी आणि काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यावा. क्रॉसला ग्रीसचे निपल असेल तर दर सर्व्हिसिंगला चारही कपांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारावे. एका कपातून आले नाही तर तो क्रॉस काढून बघावा, आणि तेही गाडी माळशेजला निघण्याआधी.

– एक गॅरेजचालक,
ओतूर (ता. जुन्नर, जि. पुणे)