नॅनोकणांचा उपयोग आधी पाणी तपासण्यासाठी व्हावा

संपादक महोदय,

मोजे, बाटल्या, धुलाईयंत्रे अशा नाना वस्तू हल्ली ‘नॅनो सिल्व्हर’च्या नावाने मुंबईत विकल्या जातात. चांदीचे अतिसूक्ष्म कण जिवाणू मारतात, यात खोटे काही नाही. त्यांतून सुटणारे आयन (विद्युतभारित कण) जिवाणूच्या आवरणाला इजा करतात आणि आतल्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडतात. पण मोज्यांच्या वासासाठी हे शस्त्र वापरणे मला गैर वाटते, कारण चांदीलाही न जुमानणारे जिवाणू निपजतात. बोस्टनमधील एका रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात असा साल्मोनेला जिवाणू आढळल्याची नोंद १९७५ सालची आहे.

मुंबईची निकड वेगळी आहे. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येते. ते बंद होऊन वाहिनीतला दाब उतरला की गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत शिरू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जिवाणू) आढळता कामा नये. मात्र प्रयोगशाळेत जिवाणू वाढवून अहवाल येईपर्यंत निदान एक दिवस जातो आणि तोवर चाळीच्या टाकीतले ते पाणी पिऊन संपलेले असते.

येथे सोन्याचे नॅनोकण कामी येऊ शकतात. गर्भचाचणीच्या पट्टीवरील तांबडी रेघ बहुधा त्यांचीच असते, त्यांवर ई. कोलाय ओळखून त्याला चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, बसवली, तर तशीच पट्टी जिवाणूचाही सुगावा काही मिनिटांत देते. अर्थात रेघ उमटण्यास जिवाणू हजारोंच्या संख्येने लागतात, म्हणून आधी लोह ऑक्साइडच्या चुंबकीय नॅनोकणांनी ते पाण्यातून ओढून एकत्र करावे लागतात. शिवाय क्लोरिनने मेलेला जिवाणू आणि जिवंत जिवाणू यांतला फरक या पट्टीला कळत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेतील तपासणी बंद करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

महापालिकेने आयआयटी मुंबईसारख्या संस्थेच्या साहाय्याने येत्या पावसाळ्यात एखाद्या विभागात दोन्ही चाचण्या एकाच नमुन्यावर करून पाहाव्यात आणि निष्कर्ष, ते प्रतिकूल असले तरी, जाहीर करावेत. तसेच चांदीयुक्त वस्तूंवर धुण्यागणिक किती चांदी निघून जाते, हे छापणे उत्पादकांना बंधनकारक करावे.

– एक वाचक, परळ, मुंबई